घाटाने आलेली बोट

एकलहऱ्याच्या वसाहतीत पांढरं असं काही फार दिवस पांढरं राहत नसे. दोरीवरच्या चादरी, दारातली रांगोळी, दुधाच्या पातेल्यावरचं फडकं, सगळ्यावर वीज केंद्राच्या धुराड्यांतून उतरणारी राखेची बारीक पूड बसायची. आई वाळलेले कपडे काढताना एकेक कपडा दोन्ही हातांनी धरून झटकायची, आणि तो फट्‌ फट्‌ आवाज आमच्या रांगेतल्या सगळ्या दारांतून एकाच सुमारास यायचा. बाबा केंद्रात टर्बाइनवर फोरमन होते. घरी आले की हात धुण्यातच त्यांचा बराच वेळ जायचा, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. आई म्हणायची, "त्या हातांनी पोळी खाता, मला बघवत नाही." बाबा म्हणायचे, "मग बघू नकोस, वाढ." एवढंच आमच्या घरातलं भांडण. बोट येईपर्यंत.

बोट बाबांनी देवळालीच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली. त्याची बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं, आणि ही चौदा फुटी लाकडी शिडाची बोट काही ट्रंकेत मावत नव्हती. बाबा त्याच्याकडे गेले होते बिघडलेला पंखा बघायला. येताना बोट ठरवून आले. विकणाऱ्याला घाई असली की वस्तू स्वस्तात पडते, असं ते आईला जेवताना समजावून सांगत होते आणि आई पोळपाटावर लाटणं जरा जास्तच जोरात फिरवत होती. तिचं माहेर देवळ्याचं. तिकडे पाणी म्हणजे विहिरीतलं, तेही मोजून वापरायचं. पाण्यावर मजेने फिरायला जाणारा माणूस तिने लग्नाआधी पाहिला नव्हता आणि लग्नानंतर तो आपल्याच घरात निघावा याचा तिला राग होता. तिने एक नियम घालून दिला: जायचं तर जा, पण घरात बोटीचं नाव काढायचं नाही. बाबांनी तो पाळला. मीही पाळला. त्यामुळे पुढे काय झालं ते सांगणारच आहे.

रविवारी सकाळी आई आम्हाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक अख्खा कांदा फडक्यात बांधून द्यायची. कुठे चाललात हे विचारायची नाही, पण कांदा द्यायला विसरायची नाही, उन्हात बरा म्हणून. मग आम्ही दोघं स्कूटरवरून सगळं नाशिक ओलांडून गंगापूर धरणाच्या पलीकडच्या, मावळतीच्या काठाला जायचो. तिथे बाभळीखाली आमची बोट असायची. तिच्या फळ्या कौलांसारख्या एकीच्या कडेवर दुसरी चढवलेल्या होत्या. दोन शिडं: एक मोठं, एक पुढचं धाकटं. बाबांना त्या अधिकाऱ्याने दोन संध्याकाळी जे काही इंग्रजीत शिकवलं त्यावर त्यांनी आपली भाषा चढवली होती. शिडाची दोरी सैल करायची असली की "ढिलं सोड", आवळायची असली की "ओढ". आणि वाऱ्याच्या तोंडावर जायचं असलं की "घाट".

हे घाट प्रकरण नीट सांगायला हवं. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट विरुद्ध जाऊ शकत नाही. समोर काठ दिसतो, पण तिकडूनच वारा येत असेल तर सरळ जायची सोय नाही. मग तिरकं एका बाजूला जायचं, वळायचं, तिरकं दुसऱ्या बाजूला जायचं, पुन्हा वळायचं. प्रत्येक वळणाला शीड डोक्यावरून पलीकडे जातं आणि आपणही उठून बोटीच्या दुसऱ्या कडेला जाऊन बसायचं. नागमोडी रस्त्याने डोंगर चढावा तसं. बाबा तरुणपणी वणीकडच्या घाटात ट्रकवर क्लीनर होते, म्हणून त्यांनी त्याला घाट म्हटलं. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा, आणि आमचा काठही पश्चिमेलाच, म्हणून जाताना मजेत आणि येताना नेहमी घाटाने. "चल मंदे, घाट चढायचाय," असं ते म्हणाले की मी समजायचे, दिवस संपला.

त्या काठावर बसून बोटीला तेल लावता लावता ते मला बोटीची किंमत कशी ठरते ते सांगायचे. विकायची होती म्हणून नव्हे; घेतलेल्या वस्तूचं आज काय येईल याचा हिशेब करत राहणं हा त्यांचा विरंगुळा होता. "गाडीचं साल विचारतात. बोटीचं साल कुणी विचारत नाही. लाकूड विचारतात, शीड विचारतात, आणि आधी कुणाच्या हातात होती ते विचारतात." शेवटचं ते दोनदा म्हणायचे. हल्ली माझी मुलगी मोबाईलवर मला परदेशातल्या जुन्या बोटींच्या जाहिराती दाखवते. त्यांत बांधणीचं वर्ष असतं, शिडं कधी बदलली ते असतं, इंजिन, कागदपत्रं, विकण्याचं कारण, सगळं असतं. कारणाच्या रकान्यात बहुतेक जण लिहितात, मोठी बोट घ्यायची आहे. मी ते वाचते आणि मोबाईल परत देते.

मी कॉलेजात होते, त्या वर्षी वैशाखात बाबा गेले. बोटीतच गेले. सुकाणू त्यांच्या हातात होतं, मी पुढच्या शिडाशी. आम्ही धरणाच्या भिंतीच्या बाजूला खूप आत गेलो होतो आणि परतायला वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "छातीत कसंतरी होतंय, तू घे." मी सुकाणू घेतलं. ते बोटीच्या तळाशी आडवे झाले. बाकीचं मी इथे सांगत नाही, कारण पुढे ते मला एकदा सांगावं लागलं आणि ते तसंच, त्या ठिकाणी सांगितलेलं बरं. काठाला लागले तेव्हा सुरगाण्याकडून माणसं भरून येणारी एक जीप वरच्या सडकेवर होती. माझ्या हाका ऐकून ती थांबली. कुणी काही सांगायच्या आत सगळी माणसं खाली उतरली, बाबांना उचलून आत घातलं आणि स्वतः रस्त्यावर उभी राहिली. जीपने आम्हाला थेट नाशिकच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, यांना जाऊन वेळ झाला.

आई एकलहऱ्याहून शेजाऱ्यांबरोबर आली. तिने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या ओढणीला चिखल होता. ती म्हणाली, "इतका उशीर का झाला?"

मी म्हणाले, "घाटाने यावं लागलं."

तिने पुढे काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. एवढ्या दोन वाक्यांवर आमचं एक अख्खं वर्ष गेलं.

त्या वर्षाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण मला काही वाटतच नव्हतं. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर निघाली. खंबीर वगैरे मी काही नव्हते. दाताला डॉक्टरांनी सुई दिली की ओठ आपला राहत नाही, तसं सगळंच होतं. क्वार्टर सोडावं लागलं. नाशिक रोडला दोन खोल्यांत आलो. आईला केंद्राच्याच कार्यालयात काम मिळालं. ती सकाळी डबा करायची, मी कॉलेजला जायचे, संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. नव्या घरात राख येत नव्हती तरी ती कपडे काढताना झटकायची. बोलणं सगळं कामाचं: दूध आलं का, रॉकेल संपलंय, दार लाव. ती माझ्यावर चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशी नीट वागत होती, परक्या घरच्या मुलीशी वागावं तसं.

बोट ठेवायला दोन खोल्यांत जागा कुठली. देवळ्याहून दौलतमामा, आईचा धाकटा भाऊ, ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. मामाचा सगळा जीव कांद्यावर. कांदा काढला की तो चाळीत ठेवायचा. चाळ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांच्या भिंतींची लांबलचक खोली, जिच्यातून वारा आरपार जातो आणि पाणी काही लागत नाही. कांद्याला ओल लागली की तो सडतो, हे मामाच्या हाडात मुरलेलं. भावजींची आठवण म्हणून त्याने बोटीला चाळीतली सगळ्यात चांगली जागा दिली, खाली विटा लावून, चारी बाजूंनी वारा लागेल अशी. वळवाचा पाऊस आला तेव्हा मोठं शीड काढून कांद्याच्या ढिगावर पांघरलं आणि पाऊस गेल्यावर उन्हात वाळवून पुन्हा घडी घालून ठेवलं. इतक्या मायेने त्याने स्वतःची पोरंही सांभाळली नसतील.

वर्षश्राद्ध झाल्यावर आई म्हणाली, आता ती विकायची. बोट हा शब्द ती अजूनही वापरत नव्हती. मामा तिला होडी म्हणायचा, मी बोट म्हणायचे, आई म्हणायची 'ती'. आणि तिने एक अट घातली. जो घेईल त्याने ती पाण्यात घालायची नाही. मामा म्हणाला, "आते काय करानं आक्का, होडी पान्यात नाय घालायची तर चुलीत घालायची का?" आई म्हणाली, "चालेल."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही देवळ्याला गेलो ते त्यासाठीच. मामी मला बघून गलबलली आणि मग ते दाबण्यासाठी स्वयंपाकाला लागली. डुबुकवड्यांचा रस्सा, कळण्याची भाकरी, वर कुटलेल्या मिरचीचा गोळा. मामीच्या हाताला तिखट जास्त, डोळ्यांतून पाणी यायचं. वर्षभरात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेवढंच.

मी चाळीत जाऊन बोट पाहिली. आमची बोट पाण्यातून कधी फार दिवस बाहेर राहिलीच नव्हती, त्यामुळे कोरडी राहिली की तिचं काय होतं हे मलाही ठाऊक नव्हतं. फळ्या सुकून आकसल्या होत्या. मी आत वाकले तर तळातल्या फटींतून खालच्या विटा दिसत होत्या. मामा मागे उभा होता, मोठ्या अभिमानाने. "वरीसभर एक थेंब पानी लागू दिलं नाय बघ." मी म्हणाले, छान ठेवलीस मामा. शिडावर डाग पडले होते आणि त्याला कांद्याचा वास येत होता. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मी वाट पाहत उभी राहिले, पण वाटलं नाही. फक्त एक गोष्ट मनात आली आणि ती जाईना: ही पाण्यात जायला हवी. मला बसायचं नव्हतं तिच्यात. पण ती पाण्यात असायला हवी होती. आईच्या अटीपुढे हे बोलायची माझी छाती नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नाशिकचे एक शेठ. त्यांना गंगापूर रस्त्यावर बगिच्यातलं हॉटेल काढायचं होतं. ते बोटीला शिप म्हणत होते. दारात शिप ठेवायची, तिच्यात माती भरायची आणि शेवंती लावायची, असा त्यांचा बेत होता. फटी बघून ते खूश झाले. "पाणी जायला जागा आहे, झाडं कुजणार नाहीत." शिडाच्या डागांचंही त्यांना काही नव्हतं, त्यावर हॉटेलचं नाव रंगवणार होते. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मामाने माझ्याकडे पाहिलं, कारण बाबांनी ती घेतली त्याच्या दीडपट होता तो. आई म्हणाली, ठीक आहे. शेठ म्हणाले, चार-आठ दिवसांत टेम्पो पाठवतो.

बोट जितकी बोट राहिलेली नसेल तितकी तिला जास्त किंमत येते, हे बाबांच्या यादीत कुठेच नव्हतं.

दुसरं गिऱ्हाईक खरं म्हणजे येणारच नव्हतं. कुणीतरी कुणाला सांगितलं आणि टेम्पोच्या आधी सबनीस नावाचे एक गृहस्थ एस.टी.ने येऊन थडकले. विम्याचे सर्व्हेयर होते. उलटलेले ट्रक, जळालेली दुकानं बघून नुकसान किती झालं हे ठरवणं त्यांचं काम. कॉलेजात असताना मुंबईला शिडाच्या बोटी चालवल्या होत्या. उन्हातून आले होते तरी पाणी नको म्हणाले, आधी बोट बघू. शेठना देऊन झाली आहे असं मामाने सांगितलं. ते म्हणाले, बघायला काय हरकत आहे.

त्यांनी बोट बघितली ती मी आजवर कुणाला काही बघताना पाहिलं नाही अशी. बोटांच्या मागच्या बाजूने फळी फळी ठोकून कान लावला. खिशातला छोटा चाकू काढून कोपऱ्याकोपऱ्यात टोचला, लाकूड कुठे कुजलंय का ते पाहायला. कुजलेलं काही नव्हतं. मामाच्या चाळीने तेवढं भलं केलं होतं. डोलकाठी नजरेला लावून सरळ आहे का पाहिली. शीड उलगडून शिवणी ओढल्या, वास घेतला आणि मामाकडे पाहिलं. मग त्यांनी एक आकडा सांगितला. शेठच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी. वर म्हणाले, "तोही आत्ता नाही. हिच्यात पाणी भरून ठेवा. लाकूड पाणी प्यायलं की फुगेल आणि फटी आपल्या आपण मिटतील. मिटल्या तर घेतो. नाही मिटल्या तर शेवंतीच बरी."

आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "साहेब, ती पाण्यात घालायची नाहीये आम्हाला."

सबनीस तिच्याकडे वळले. "का विकताय, वहिनी? विचारावं लागतं. बोट कधी उलटली असेल, आपटली असेल, तर ते वरून दिसत नाही."

आई लसूण सोलत राहिली. मामा खाली बघायला लागला. मामाने मला शेठ यायच्या आधीच बजावलं होतं, होडीत काय झालं ते गिऱ्हाइकाला बोलायचं नाही, अशा गोष्टीने वस्तूला कुणी हात लावत नाही. मी हे आजही कबूल करते की मी ठरवून काही केलं नाही. तोंडातून निघून गेलं. "उलटली नाही. माझे बाबा हिच्यात गेले. झटका आला. मी घेऊन आले."

अशा वेळी लोक अरेरे म्हणतात. वर्षभर सगळे म्हणत होते आणि मी मान हलवत होते. सबनीसांनी विचारलं, "वारा कुठला होता?"

"पश्चिमेचा."

"आणि तुमचा काठ?"

"पश्चिमेलाच."

"एकटी होतीस? दोन्ही शिडं?"

"धाकटं सोडून दिलं. ते फडफडत होतं. मोठ्याची दोरी डाव्या हातात आणि सुकाणू उजव्यात."

ते बोटीच्या कडेला टेकून बसले. "मग भिंतीकडे का नाही गेलीस? वारा पाठीशी होता, पटकन पोचली असतीस."

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी मात्र स्वतःला रोज विचारला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं. "भिंतीला दगड लावलेत, तिरका चढ आहे. लाटा आपटत होत्या. बोट फुटली असती. वर कुणी नव्हतं. बाबांना त्या दगडांवरून मी एकटी वर नेऊ शकले नसते. आमच्या काठाला माणसं असतात, सडक जवळ आहे. म्हणून घाटाने आले."

"घाटाने?"

"बाबा म्हणायचे तसं. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं. सरळ येताच येत नाही." मी जमिनीवर बोटाने काढून दाखवलं. "वाटेत एक जोराचा झोत आला. बोट कलंडायला लागली. बाबा खालून म्हणाले, ढिलं सोड. मी सोडलं. सरळ झाली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत."

सबनीसांनी मी काढलेल्या रेघा बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, "बरोबर आलीस. मीही असाच आलो असतो, आणि याहून लवकर आलो नसतो."

ओट्यावरून लसणाचं ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. मामा म्हणाला, "आक्का, तू तर म्हनली होतीस, जीपवाल्यानं घाटाच्या रस्त्यानं फिरवून आनलं म्हनून. सुरगान्याची जीप, घाट-घाट फिरत आली आन्‌ पोरगी काय बोलली नाय त्याला."

आई माझ्याकडे बघत होती. मी आईकडे. मला तेव्हा कळलं की वर्षभर तिच्या मनात एक जीप सुरगाण्याकडच्या सावळघाटात प्रवासी उतरवत, चढवत फिरत होती, तिच्यात बाबा आडवे होते आणि मी शेजारी गप्प बसले होते. बोटीचं नाव घरात काढायचं नाही हा तिचाच नियम. त्यामुळे बाबांचा तो 'घाट' आमच्या घरात आलाच नव्हता. तिने तो ऐकला तो थेट त्या दिवशी, दवाखान्याच्या व्हरांड्यात.

आई उठली आणि आत गेली. सबनीस चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेले. जाताना मामाला म्हणाले, चांगल्या हातांत होती बोट. मामाला वाटलं ते चाळीबद्दल बोलताहेत.

मी ओट्यावर बसून होते. ऊन उतरलं. मामी आतून हाका मारत होती, तेवढ्यात विहिरीच्या रहाटाचा आवाज आला. आई पदर खोचून पाणी शेंदत होती. देवळ्याचं वैशाखातलं पाणी, माणसांना आणि गुरांना जेमतेम पुरणारं. तिने भरलेली बादली चाळीत नेली आणि बोटीत ओतली. ते सगळं फटींतून खाली विटांवर गेलं. ती पुन्हा विहिरीकडे वळली. मामा कांदे भिजतील म्हणून धावत आला, तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने बोट ओढून अंगणात घ्यायला लागला. मीही हात लावला. पाणी आलं तसं जात होतं. मामी म्हणाली, "बाई, नासाडी व्हती पान्याची." आई म्हणाली, "होऊ दे."

शेठचा टेम्पो आला तो रिकामा परत गेला. बोट पुढे सबनीसांकडे गेली आणि गंगापूरला पुष्कळ वर्षं चालली. शिडाचा कांद्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही, असं ते भेटले की सांगायचे. मी पुन्हा कधी तिच्यात बसले नाही. आता माझं घर गंगापूर रस्त्यावरच आहे. गच्चीतून धरण दिसत नाही, पण वैशाखात दुपारनंतर त्या बाजूचा वारा येतो आणि मी खिडक्या लावून घेत नाही.

पण मला पाणी ओतलं त्या पहिल्या संध्याकाळचं सांगायचं आहे. मी आईच्या हातातली बादली घेतली, ती दुसरी घेऊन आली. दोघी ओतत होतो आणि खाली चिखल होत होता. सबनीसांना न सांगितलेली एक गोष्ट माझ्याजवळ होती. आईने लहानपणापासून शिकवलेलं: निजलेल्या माणसाला ओलांडायचं नाही. चुकून ओलांडलंच तर लगेच उलटं ओलांडून परत यायचं, म्हणजे फिटतं. मी म्हणाले, "आई, दर वळणाला मला दुसऱ्या कडेला जाऊन बसावं लागायचं. ते मध्ये होते. मी त्यांना ओलांडलं. सारखं ओलांडलं."

आईचा हात थांबला. तिने बोटीत पाहिलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जणू पहिल्यांदाच पाहत होती. मग विचारलं, "एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे?"

"हो."

"निघताना कुठल्या कडेला बसली होतीस?"

"डाव्या."

"आणि काठ लागला तेव्हा?"

मी डोळे मिटले. डाव्या कडेला बसलं की सुकाणू उजव्या हातात येतं आणि दोरी डाव्या; काठ लागला तेव्हा सुकाणू उजव्या हातात होतं, दोरीने सोललेला डावा तळवा जळत होता. "डाव्याच."

"मग फिटलं ते," आई म्हणाली. "जितक्यांदा गेलीस तितक्यांदा परत आलीस."

तेव्हा मला रडू आलं, आणि आलं ते थांबेना. आईने मला जवळ वगैरे घेतलं नाही. तिने बादली उचलली आणि पाणी ओतत राहिली, कारण खालून ते अजून गळतच होतं.